न खपलेल्या रेकॉर्डचं स्थळ

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या गल्लीत 'सुस्वर' नावाचं गाण्यांचं दुकान होतं आणि त्यात नंदू वळसंगकर नावाचा माणूस बसत असे. साठी उलटली, डोक्यावरचे केस गेले, तरी गल्ली त्याला नंदूच म्हणायची. कुणी चुकून 'नंदूशेठ' अशी हाक मारली, तर तो मागे वळून आणखी कोण उभं आहे ते बघायचा.

नंदूचा एक नियम होता. ऐकवल्याशिवाय रेकॉर्ड विकायची नाही. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचं, चहा सांगायचा, एक बाजू पुरती वाजवायची आणि तेवढा वेळ गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत राहायचं. चेहरा खुलला तर रेकॉर्ड कागदात गुंडाळायची. नाही खुलला तर "राहू द्या, ही तुमची नव्हे" म्हणून परत कप्प्यात ठेवायची. लोक पैसे काढून उभे राहिलेत आणि हा रेकॉर्ड देत नाही, असं गल्लीनं पुष्कळदा पाहिलं होतं. अशा माणसाचा धंदा जेवढा व्हायचा तेवढाच झाला. घर चाललं ते त्याच्या बायकोच्या, प्रेमलाच्या पगारावर. ती शाळेत कारकून होती आणि महिनाअखेर म्हणजे काय हे तिला चांगलं ठाऊक होतं.

नंदू म्हणायचा, वाईट गाणं असं काही नसतंच. त्याचं माणूस भेटायचं राहिलेलं असतं, एवढंच. हे तो चहावाल्याला सांगायचा, वीज मंडळाच्या माणसाला सांगायचा, आणि एकदा तर दुकानात शिरलेल्या बैलाला हाकलता हाकलता त्याच्या मालकालाही सांगून झालं होतं. एखाद्याला जसं सगळ्या दुखण्यांवर हळदच सुचते, तसं नंदूचं होतं.

या तत्त्वाला आडवी आली ती एक रेकॉर्ड.

दुकान नवीन होतं तेव्हा नंदू मुंबईला ठोक व्यापाऱ्याकडे माल आणायला गेला होता. त्या काळी भजनांचा गठ्ठा हवा असेल तर व्यापारी त्याच्यासोबत एखादी न चालणारी रेकॉर्ड गळ्यात मारायचाच. नंदूच्या गळ्यात पडलेली ही विलायती गाण्यांची होती. काळं पाकीट, त्यावर जळकं आभाळ आणि शिंगंवालं कुणीतरी. नाव इंग्रजीत होतं, पण अक्षरांना बाभळीसारखे काटे होते, त्यामुळे ते शेवटपर्यंत कुणालाच वाचता आलं नाही. नंदू तिला 'काळी' म्हणायचा. खरं तर दुकानातल्या सगळ्याच रेकॉर्डी काळ्या होत्या, पण 'काळी' म्हटलं की कोणती ते प्रेमलालाही कळायचं.

दुपारी गल्ली जेवायला गेल्यावर नंदूनं ती एकदा लावली. आतून जे बाहेर आलं त्यानं कपाटावरचा गणपती थोडा पुढे सरकला. ढोल तर असा वाजत होता, की वाजवणाऱ्याला कुणीतरी खोलीत कोंडलंय आणि तो दार फोडतोय. नंदूला ती आवडली नाही. हे त्यानं कधी लपवलंही नाही. पण दोन्ही बाजू ऐकून झाल्यावर तो प्रेमलाला म्हणाला, "चौघं जण आहेत, आणि एकानंही अंग चोरलेलं नाही. एवढी मेहनत कुणी फुकट करत नसतं. हिचं माणूस असणार."

"मुंबईत असेल," प्रेमला म्हणाली.

"मुंबईत असतं तर व्यापाऱ्यानं मला कशाला दिली असती?"

इथून पुढे नंदू त्या माणसाच्या शोधाला लागला. आधी कुमार नावाचा इंजिनिअरिंगचा पोरगा. तो रोज काळा टी-शर्ट घालून गल्लीतून जायचा, आणि असल्या पोरांना असलं संगीत आवडतं असं नंदूनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. कुमार स्टुलावर बसला, चहा प्याला, बाजू संपेपर्यंत शहाण्यासारखा ऐकत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "काका, मशिन दुरुस्तीला टाकायचंय का? माझा मामा करतो." काळ्या शर्टाचं नंदूनं विचारलंच. होस्टेलला पाणी चार दिवसांआड, काळा मळलेला दिसत नाही, असा त्याचा खुलासा होता.

मग मारिया टीचर. त्या ख्रिश्चन, म्हणजे घरात इंग्रजी गाणीच चालत असणार, असा नंदूचा कयास. वास्तविक त्या बाईंनी आजवर त्याच्याकडून भावगीतांखेरीज काहीही नेलं नव्हतं, पण शहाणा माणूस समोरचं बघत नाही तो नाहीच. पाकिटात गाण्यांचे शब्द छापलेला कागद होता. बाईंनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घातली आणि म्हणाल्या, "नंदूभाऊ, मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन." शिवाय जाताना एक भावगीतांची रेकॉर्ड घेऊन गेल्या. नंदू पुढे कितीतरी दिवस शरमिंदा होता.

त्यातल्या त्यात जवळ आला तो बँडवाला मायाप्पा. त्यानं डोळे बारीक करून, धंदेवाईक माणसानं ऐकावं तसं ऐकलं.

"ह्ये लग्नात कवा वाजवायचं?" त्यानं विचारलं.

"वरातीला?" नंदू म्हणाला.

"वरात चालंना झाली की. पळंल."

"मग पाठवणीला."

"पोरगी रडायची सोडून घाबरंल." मायाप्पानं बराच विचार केला. "आपल्या बँडला न्हाय जमायचं. पन ह्यो ढोलवाला कुटं ऱ्हातो? सीझनला पायजे हुता."

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीचं तरी शेवटी लग्न होतं. कॅसेटी आल्या, सीड्या आल्या, मग गाणी फोनमध्ये गेली आणि दुकानात येणारे लोक चार्जर आहे का विचारू लागले. काळी कप्प्यातच. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून नंदू मऊ फडकं वेगळं ठेवायचा. प्रेमला म्हणायची, "भार्गवीच्या वेळी मुलगा काय करतो हेसुद्धा तुम्ही साखरपुड्यानंतर विचारलंत. आणि या बयेसाठी सगळं सोलापूर पालथं घातलंत." भार्गवी त्यांची एकुलती मुलगी. ती नाशकात सुखात होती, त्यामुळे या बोलण्याला उत्तर द्यायची नंदूला कधी गरज पडली नाही.

शेवटी जागामालकानं जागा मागितली. नंदूनं हुज्जत घातली नाही. गुडघे दुखत होते, गिऱ्हाईक नव्हतं आणि मालकाचं म्हणणं खरं होतं. शनिवारी संध्याकाळी किल्ली द्यायची ठरली. हैदराबादचा एक व्यापारी येऊन सगळ्या रेकॉर्डी टेम्पोत घालून घेऊन गेला. काळी तेवढी नंदूनं आधीच गल्ल्याखाली सरकवून ठेवली होती.

मध्येच भार्गवीनं एक उद्योग केला होता. दिवाळीला आली असताना तिनं काळीचा फोटो काढून इंटरनेटवर कुठंतरी टाकला होता. त्यावरून पुण्याच्या एका गृहस्थांचा फोन आला. गृहस्थ फोनवर धापा टाकत होते.

"काका, ही क्लासिक आहे! जगातले लोक हिच्यासाठी जीव टाकतात. भारतात छापलेली प्रत तर बघायला मिळत नाही. तुम्ही म्हणाल ती किंमत."

जगात लोक जीव टाकतात हे ऐकून नंदूला स्वतःच्या पोरीचं कौतुक व्हावं तसं झालं. "मग ऐकणार ना?" त्यानं विचारलं.

"छे छे! सुई लागली की संपलं. काचेची फ्रेम करून भिंतीवर लावणार."

"म्हणजे ऐकणार नाही."

"ऐकायला फोनवर आहे की."

नंदूनं "कळवतो" म्हणून फोन ठेवला. प्रेमलानं सगळं ऐकलं होतं. या वेळी मात्र ती चिडली नाही. जवळ बसून म्हणाली, "भिंतीवर का होईना, घर मिळतंय तिला. शनिवारपर्यंत तुमचं माणूस आलं तर द्या त्याला. नाही तर संध्याकाळी त्यांना हो म्हणा. घरात आणू नका. तुम्ही तिच्याकडे बघत बसलेले मला बघवणार नाही." नंदू बरं म्हणाला. बायको ओरडते तेव्हा माणसाला वाद घालता येतो, पण ती अशी बोलली की काही इलाज नसतो.

पैशाचा प्रश्न नव्हता. पैसे आले असते तर प्रेमलानं छपराची गळती काढली असती आणि नंदूलाही ते हवंच होतं. पण काळी काचेत गेली, की तिचं माणूस नव्हतंच हे कायमचं ठरणार होतं. म्हणजे एवढी वर्षं जे सगळ्यांना सांगत आलो ती नुसती बडबड होती, असं स्वतःशी कबूल करणं आलं. नंदूला याची खरीच भीती वाटत होती. दुकान बंद होण्याचं दुःख त्यापुढे काहीच नव्हतं.

शनिवारी दुपारी दुकानात उरलं होतं ते एवढंच. भिंतीला ठोकलेल्या लाकडी फळ्या, गल्ला, रेकॉर्ड प्लेअर, ॲम्प्लिफायर, माणसाच्या कमरेएवढे दोन स्पीकर आणि काळी. फळ्या बघायला नईम नावाचा तिशीचा माणूस आला. त्याला बेगम पेठेत मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकायचं होतं. बरोबर त्याची खाला, म्हणजे मावशी होती, अनवरी. बाई पन्नाशीच्या पुढची, अंगानं काटक, डोक्यावर पदर आणि पदराला जागोजाग सुताची लव चिकटलेली. ती अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायची, लहानपणापासून. नात्यात कुणालाही काही विकत घ्यायचं असलं की भाव करायला अनवरीला नेत. समोरचा "परवडत नाही" म्हणाला तरी तिला ऐकू जायचं नाही.

"खालाचे कान लूमवर गेले, काका," नईमनं सांगितलं. "पन तुमी तिच्याकडं बघून बोला. तिला व्हट वाचता येतात. शेडात सगळे तसंच बोलतात."

अनवरीनं फळीवर बोटांनी टकटक केली, वाळवी बघितली, तळवा फिरवला. नईमची नजर स्पीकरवर गेली. "ह्ये चालू हायत का?"

चालू असल्याचं दाखवायचं तर काहीतरी वाजवायला हवं होतं. दुकानात वाजवण्यासारखी एकच वस्तू होती. नंदूनं गल्ल्याखालून काळी काढली, फडक्यानं पुसली आणि सुई ठेवली. नेहमीसारखा आवाज बारीक. "फुल करून बघू द्या की," म्हणत नईमनं बटण पार शेवटाला नेलं.

सगळ्या फळ्या एकदम थरारल्या. नईम दोन पावलं मागे सरला. अनवरीचा हात फळीवर होता, तो तिनं चटका बसल्यासारखा उचलला. मग पुन्हा ठेवला. मग ती हळूहळू स्पीकरकडे गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली, अगदी जवळ, दुसऱ्या कुणालाही जिथं उभं राहवलं नसतं तिथं.

"ह्ये काय हाय?" तिनं मोठ्यानं विचारलं.

नईमनं तोंड हलवून सांगितलं, "गाना हय, खाला."

"गाना?" ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही खुललं वगैरे नाही. उलट ती रागावल्यासारखी दिसत होती. "मला आइकू येतंय."

सोलापुरात घरटी एक माणूस लूमवरचं, आणि नंदूनं एवढ्या वर्षांत लूमवरच्या एकालाही स्टुलावर बसवलं नव्हतं. दिवसभर खडखडाट सोसून आलेल्यांना आणखी काय ऐकवायचं, आणि ऐकवून तरी त्यांना काय ऐकू येणार, असा त्याचा समजूतदारपणा होता. काखेत कळसा नि गावाला वळसा! आणि तोही असा तसा नाही, काळे शर्ट बघत आणि दुसऱ्यांचे धर्म बघत घातलेला.

"आवडलं का?" तो ओरडला. शिरा ताणून पुन्हा ओरडला, "आवडलं का तुम्हाला?"

अनवरीनं त्याच्याकडे बघून कपाळाला आठी घातली. "वरडू नका वो. वरडल्यावर तोंड वाकडं हुतंय, मला कळंना. नुसतं बोला."

नंदूनं आवाज सोडून दिला आणि नुसते ओठ हलवले. आवडलं का?

"लग्नात बायका गात्यात, मी बसल्याली आसती. सगळ्यांची तोंडं हालत्यात. मीबी हालवती," अनवरी म्हणाली. तिचं बोलणं त्या गोंगाटातही नंदूला कळलं, कारण तिचे ओठ प्रत्येक अक्षर वेगळं करून हातात ठेवत होते. "गाना कसला आसतो ते इसरली हुती की. ह्यो मानूस काय म्हनतोय?"

"इंग्रजी आहे. मला येत नाही."

"रागावलाय काय?"

"तसं वाटतं."

"कुनावर?"

नंदूनं याचा कधी विचार केला नव्हता.

"मालकावर आसंल," अनवरी म्हणाली आणि पुन्हा स्पीकरकडे वळली.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आत थोडी शांतता पडली. अनवरी दचकून वर दिव्याकडे बघू लागली. "लाइट गेली का?" तिनं विचारलं. शेडमध्ये एवढी शांतता फक्त लाइट गेल्यावर व्हायची. मग ढोल पुन्हा सुरू झाला तशी तिच्या खांद्यांवरचा ताण उतरला. नंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पुसायला जवळ काळीचं फडकं तेवढं होतं, त्यानं त्यानंच पुसलं.

थोड्या वेळानं तिनं बोटानं रेकॉर्ड दाखवली. "ही केवढ्याला?"

नंदू तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. त्यानं तोच प्रश्न विचारला जो पुण्याच्या गृहस्थांना विचारला होता. "ऐकणार का?"

"मंग काय चाटनार का?" अनवरी म्हणाली.

नंदूनं नईमला कागदावर लिहून दिलं, की फळ्या, मशिन, स्पीकर सगळं एकत्र न्या, मशिन, स्पीकर आणि रेकॉर्ड खालाच्या घरी ठेवा, त्यांचे पैसे नाहीत. नईमला वाटलं म्हातारा आवाजानं बिघडला. पण बिघडलेल्या माणसाशी भाव करू नये एवढं त्याला कळत होतं.

गल्ल्यावर नंदूचा फोन उजळला. त्याला काही ऐकू आलं नाही, पण अनवरीला उजेड दिसला. "फोन," ती म्हणाली. पुण्याचा नंबर होता. नंदूनं फोन पालथा घातला.

आता दारात समोरचा कल्लप्पा आला. त्याचं साड्यांचं दुकान, बायका गादीवर बसून तासन् तास पदर बघणार, म्हणून त्याला त्रास नको या विचारानं नंदूनं आवाजाचं बटण जन्मात कधी अर्ध्याच्या वर जाऊ दिलं नव्हतं. कल्लप्पा हातवारे करत होता. तोंड उघडझाप होत होतं. नंदूला अक्षरही ऐकू येईना. त्यानं अनवरीकडे बघितलं.

"बंद करा म्हनतोय," अनवरीनं सांगितलं. "आन् गिऱ्हाइकं उठून गेली म्हनतोय. आता तुमाला काय झालंय इचारतोय." तिनं क्षणभर आणखी बघितलं. "शिव्या देतोय. कानडीत. त्या काय मी सांगनार न्हाय."

कल्लप्पाच्या मागे आणखी दोघं-चौघं जमले. नंदूचा हात सवयीनं बटणाकडे गेला. शेजाऱ्याचा शब्द त्यानं आजवर खाली पडू दिला नव्हता आणि जाता जाता पडू द्यावा असंही नव्हतं. बटणावर बोटं ठेवून त्यानं अनवरीला सांगायला मान वळवली, की थोडं कमी करतो.

अनवरीनं डोळे मिटले होते. आयुष्यभर बघून ऐकणारी ती बाई, डोळे मिटले की तिच्यासाठी जग बंदच व्हायचं, म्हणून लोकांत ती ते कधी मिटत नसावी. आता ती दोन्ही तळवे स्पीकरच्या जाळीवर ठेवून, डोळे गच्च मिटून उभी होती आणि ऐकत होती.

नंदूनं बटणावरची बोटं काढली. तो दाराकडे वळला आणि कल्लप्पाकडे बघत, आवाज न करता, एकेक अक्षर ओठांनी सुटं करून म्हणाला, "थांबा. गिऱ्हाईक ऐकतंय."

ते कुणालाच कळलं नाही. कल्लप्पाला ओठ वाचता येत नव्हते, आणि जिला येत होते तिचे डोळे मिटलेले होते.